विश्लेषण : क्रेनवरचा बर्फ काढायचा कसा, आणि तोवर ‘थांबा’ कोण म्हणणार?

टोरोंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात आज अनेक मराठी कुटुंबांचे कोणी ना कोणी राहते. जानेवारीत त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंत पांढरी झालेली झाडे असतात, फावड्याने गाडी मोकळी करणारा भाचा असतो आणि मागे बहुधा एखादी टॉवर क्रेन असते. उत्तर अमेरिकेतील शहरांत उभ्या असलेल्या क्रेनची नियमित मोजदाद करणाऱ्या ‘रायडर लेव्हेट बकनॉल’ या बांधकाम सल्लागार कंपनीच्या यादीत टोरोंटो अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिले आहे.

फोटोत ती क्रेन देखणी दिसते. ती चालवणाऱ्याला मात्र त्या सकाळी वेगळे प्रश्न पडलेले असतात. वर जायची शिडी हाताने नीट धरवेल का? हूक सरळ खाली येईल का? वाऱ्याचा वेग दाखवणारा आकडा खरा आहे का? आणि वरची ती पांढरी किनार सुटली, तर कोणाच्या डोक्यावर पडेल?

या विषयावरची बहुतेक चर्चा ‘बर्फ काढण्याचे उपाय’ या सदराखाली होते. मीठ टाकावे का, वाफ मारावी का, हातोडा चालेल का, वगैरे. त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत आणि ती फारशी अवघड नाहीत. माझ्या मते खरी गाठ पुढे आहे. बर्फ साचलेल्या दिवशी क्रेन बंद ठेवायचे कोणी ठरवायचे, आणि त्या दिवसाचा खर्च कोणी सोसायचा? हिमालयात आपण सध्या जी कामे काढली आहेत ती पाहता हा प्रश्न फक्त कॅनडाचा उरलेला नाही.

वरून बर्फ पडला तर काय होते?

आधी क्रेन बाजूला ठेवून उंच पोलादी बांधकामांकडे पाहू, कारण त्यांच्या नोंदी सार्वजनिक आहेत. मार्च २००७ मध्ये टोरोंटोच्या सीएन टॉवरवर साचलेल्या बर्फाच्या लाद्या सुटून पडू लागल्या, तेव्हा जवळून जाणारा गार्डिनर एक्स्प्रेसवे बंद करावा लागला. डिसेंबर २०१२ मध्ये व्हँकुव्हरजवळच्या नव्याकोऱ्या पोर्ट मान पुलावर केबलवरचा ओला बर्फ खालच्या वाहतुकीवर कोसळला आणि शेकडो गाड्यांचे नुकसान झाले. तिथल्या माध्यमांनी त्याला ‘आइस बॉम्ब’ असे नाव दिले. फेब्रुवारी २०२० मध्ये स्कॉटलंडचा क्वीन्सफेरी क्रॉसिंग हा पूलही याच कारणाने बंद करावा लागला. आठ गाड्यांना फटका बसला होता.

पूल निदान जागचा हलत नाही. त्याखालचा कोणता भाग धोक्याचा, हे एकदा आखून ठेवता येते. टॉवर क्रेनचा आडवा हात, म्हणजे जिब, ५०-६० मीटर लांब असतो आणि पूर्ण वर्तुळात फिरतो. आज तो आपल्या प्लॉटवर असेल, रात्री वारा फिरला की शेजारच्या शाळेच्या रस्त्यावर. त्यामुळे बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाच्या आत ‘डोक्यावर लक्ष ठेवा’ असा फलक लावून भागत नाही.

एक छोटा हिशेब करू. एक किलो वजनाचा बर्फाचा ठोकळा ६० मीटरवरून सुटला, तर हवेचा विरोध धरूनही तो जमिनीजवळ येईपर्यंत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. तेव्हा त्यात साधारण ४०० ज्युल ऊर्जा असते. युरोपातील सुरक्षा हेल्मेटच्या ‘ईएन ३९७’ या मानकात पाच किलोचे वजन एक मीटरवरून टाकून चाचणी घेतात. ती ऊर्जा होते ४९ ज्युल. म्हणजे ज्या धक्क्यासाठी हेल्मेट तपासले जाते, त्याच्या आठपट. अशा ठिकाणी हेल्मेट घातले आहे ना, ही चौकशी पुरेशी ठरत नाही. तिथे माणूसच नको.

शिवाय बर्फ सरळ खाली पडतोच असे नाही. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात, बंद उभ्या पवनचक्कीवरून सुटलेला बर्फ किती दूर जाईल याचा एक ढोबळ नियम वापरतात: वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याला उंचीने गुणायचे आणि १५ने भागायचे. क्रेनला तो जसाच्या तसा लागू होतो असा दावा नाही, पण अंदाजासाठी बरा आहे. उंची ६० मीटर आणि वारा सेकंदाला १५ मीटर, तर बर्फ ६० मीटर लांब. आपल्या शहरांतल्या बऱ्याच प्लॉटची रुंदीसुद्धा तेवढी नसते.

वजन हाच मोठा धोका आहे का?

सर्वसामान्य समज असा की बर्फाचे वजन वाढते आणि क्रेन मोडते. हिशेब करून पाहू. बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो. जिबच्या सगळ्या अँगल-पाइपांचा मिळून उघडा पृष्ठभाग १०० चौरस मीटर धरला आणि त्यावर एक सेंटीमीटर घट्ट बर्फ चढला असे मानले, तर वजन होते ९१७ किलो. मध्यम आकाराच्या अनेक टॉवर क्रेनची टोकाकडची उचलण्याची क्षमता दीड-दोन टनांची असते. त्या तुलनेत हा आकडा भीतिदायक वाटतो.

पण इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कँटिलिव्हर बीमची गणिते सोडवलेल्यांना आठवेल, की सारखा पसरलेला भार हा टोकाला टांगलेल्या निम्म्या भाराइतकाच पिरगळ मुळाशी देतो. म्हणजे ९१७ किलो पसरलेला बर्फ म्हणजे टोकाला सुमारे ४६० किलो. शिवाय मागच्या बाजूच्या काउंटर-जिबवरही बर्फ असतोच, तो थोडा समतोल राखतो. क्रेन लगेच कोसळत नाही. पण ऑपरेटरच्या हातात असलेल्या क्षमतेचा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक गुपचूप खाल्ला गेलेला असतो, आणि तक्त्यात तो कुठेच लिहिलेला नसतो. ऊन एका बाजूला लागून तिथला बर्फ आधी गळला, तर तो समतोलही बिघडतो.

खरी गंमत, किंवा गंमत नव्हे, वाऱ्यात आहे. जिब जाळीदार असते ती वारा आरपार जावा म्हणून. जिबला वरून तोलून धरणारा २० मिलिमीटर जाडीचा पोलादी दोर घ्या. त्याच्याभोवती २० मिलिमीटर बर्फ चढला, की त्याची जाडी ६० मिलिमीटर होते. वाऱ्याला अडणारे क्षेत्र तिप्पट! वजनही मीटरमागे सव्वादोन किलोंनी वाढते, म्हणजे खुद्द दोरापेक्षा बर्फ जड. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे कालपर्यंत चालून जाणारा वारा आज चालून जात नाही. जाळीची भिंत होत जाते.

इथे एक फरक सांगायला हवा. मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि रसवंतीतल्या लादीलाही बर्फच. क्रेनच्या दृष्टीने त्यांचे प्रकार वेगळे पडतात. कडाक्याच्या थंडीतला कोरडा, भुसभुशीत हिम जिबच्या जाळीतून बराचसा गळून जातो, उरलेला वाऱ्याने उडतो. शून्य अंशाच्या आसपास पडणारा ओला हिम चिकटतो. सर्वांत वाईट म्हणजे गोठता पाऊस. वरच्या उबदार थरात वितळलेले थेंब जमिनीलगतच्या थंड थरात शून्याखाली जातात, तरी द्रवच राहतात आणि पोलादाला स्पर्श होताच काचेसारखे गोठतात. जानेवारी १९९८ मध्ये क्युबेकच्या काही भागांत असा पाऊस १०० मिलिमीटरपर्यंत झाला आणि विजेचे मनोरे रांगेने वाकले. म्हणून ‘आज बर्फ पडणार का’ या प्रश्नापेक्षा ‘आज तापमान शून्याच्या किती जवळ आहे’ हा प्रश्न साइटवर जास्त कामाचा आहे. उणे १५ अंशांतला बर्फ त्रासदायक, उणे एक अंशातला धोकादायक.

वाऱ्यासोबत फिरता आले नाही तर?

दिवसाचे काम संपले की टॉवर क्रेनचा ऑपरेटर एक गोष्ट न विसरता करतो. तो फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडतो. कारण रात्री जोराचा वारा आला तर जिबने छपरावरच्या वातकुक्कुटासारखे वाऱ्याच्या दिशेने आपोआप वळावे, वाऱ्याला आडवे उभे राहू नये. मुंबईत पावसाळ्यात वादळी वाऱ्यात उंच क्रेन सावकाश गोल फिरताना दिसतात आणि लोक ‘क्रेन सुटली’ म्हणून व्हिडिओ काढतात. ती सुटलेली नसते. ती तशीच फिरायला हवी असते.

आता या फिरण्याच्या जागी, म्हणजे मनोरा आणि जिब यांना जोडणाऱ्या दातेरी स्लुइंग रिंगमध्ये पाणी शिरून गोठले, किंवा ग्रीस थंडीने घट्ट झाले, तर? ब्रेक मोकळा असूनही जिब जागची हलत नाही. वारा बाजूने येतो, बर्फाने भरलेली जाळी शिडासारखी ताणते, आणि ज्या स्थितीसाठी क्रेनची रचनाच केलेली नाही त्या स्थितीत ती रात्रभर उभी राहते. साइटवर तेव्हा वॉचमनशिवाय कोणी नसते. बर्फामुळे होणाऱ्या सगळ्या बिघाडांत मला हा सर्वांत गंभीर वाटतो, आणि बाहेरून तो अजिबात दिसत नाही.

दुसरा तसाच लपलेला बिघाड वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रात असतो. जिबच्या किंवा मनोऱ्याच्या माथ्यावर तीन वाट्या असलेला अॅनिमोमीटर गरगर फिरत असतो. अनेक टॉवर क्रेनसाठी काम थांबवण्याची वरची मर्यादा ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास असते, बऱ्याच साइट त्याहून कमी वेगाला थांबतात. ती मर्यादा आली की केबिनमध्ये घंटा वाजते. पण वाट्या बर्फाने जाम झाल्या तर पडद्यावर आकडा दिसतो शून्य. बाहेर वारा घोंघावत असतो आणि यंत्र सांगते सगळे शांत आहे. बंद पडलेले यंत्र निदान बंद दिसते. गोठलेले यंत्र आत्मविश्वासाने खोटे बोलते. विमानतळांवर आणि थंड प्रदेशातल्या पवनचक्क्यांवर आतून तापवलेले अॅनिमोमीटर बसवतात. क्रेनवरही ते बसवता येतात, आणि जिथे हिवाळा गोठवणारा आहे तिथे ते ऐच्छिक असू नयेत.

हीच गत लिमिट स्विचची. हूक फार वर गेला, ट्रॉली टोकाला पोचली की मोटर आपोआप थांबवणारे हे स्विच गोठले, तर योग्य वेळी दाबले जात नाहीत. पुलीच्या खाचेत बर्फ भरला की दोर खाचेबाहेर उडी मारतो. ब्रेकच्या पृष्ठभागावर पातळ थर असला तर पहिल्या एक-दोन वेळा भार घसरतो. म्हणूनच थंड देशांत सकाळी पहिले काम भार न लावता सगळ्या हालचाली करून पाहण्याचे असते. हूक वर-खाली, ट्रॉली आत-बाहेर, पूर्ण फेरी डावीकडे, पूर्ण फेरी उजवीकडे. यात वीस-पंचवीस मिनिटे जातात. साइट इंजिनीअर खालून वॉकी-टॉकीवर ‘झाले का’ विचारत असतो, तीच ही मिनिटे.

मग चढून झाडून टाकावा का?

झाडावा, पण फक्त जिथे माणसाला जायचेच आहे तिथला. शिडी, मधले प्लॅटफॉर्म, केबिनची काच, इलेक्ट्रिक पॅनेलचा दरवाजा. तिथे प्लॅस्टिकचे फावडे, कडक ब्रश आणि रबरी हातोडा पुरतो. भुसभुशीत हिमासाठी दाबाची हवा चालते. संपूर्ण जिबवर माणूस पाठवून बर्फ फोडत बसणे याला मात्र माझा विरोध आहे. उणे १० अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारा असेल, तर कॅनडाच्या हवामान खात्याच्या सूत्रानुसार अंगाला ते उणे २१ सारखे जाणवते. वर वारा याहून अधिक. हातमोज्यांतली बोटे बधिर, पाय निसरड्या पाइपवर, आणि ज्या बर्फावर हातोडा मारायचा तो खाली कोणाच्या दिशेने जाईल यावर कोणाचे नियंत्रण नाही. खाली एकाचा धोका कमी करायला वर दुसऱ्याला टांगायचे, हा हिशेब जुळत नाही.

मीठ तर नकोच. रस्त्यावर टाकतात ते मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड पोलादी दोराच्या पेडांत शिरले की आतून गंज धरतो. बाहेरून दोर चकचकीत, आतून खंगलेला. धावपट्ट्यांवर वापरतात ती पोटॅशियम अॅसिटेटसारखी रसायने पोलादाला कमी त्रास देतात, ती पायऱ्यांवर चालतील. विमानांवर मारतात ते ग्लायकॉलचे द्रावण क्रेनवरून खालच्या कामगारांवर आणि ताज्या काँक्रीटवर ठिबकत राहील. गॅसच्या ज्वाळेने बर्फ वितळवण्याचा मोह साइटवर हमखास होतो, कारण कटिंगचा टॉर्च तिथेच पडलेला असतो. ज्वाळेने दोरातले वंगण जळते, सील वितळतात, तापवलेल्या पोलादाचे गुण बदलतात. गरम पाणी किंवा वाफ वापरली, तर ते पाणी खाली ओघळून दुसऱ्या सांध्यात गोठते. बर्फ गेला नाही, फक्त पत्ता बदलला.

पूर्ण जिबच विजेने का तापवत नाहीत, हा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला सुचणारा प्रश्न. कागदावर तो स्वस्त दिसतो. वरच्या उदाहरणातला ९१७ किलो बर्फ वितळवायला सुमारे ८५ युनिट वीज पुरेल. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराचे महिन्याचे बिल एवढ्या युनिटांच्या आसपास कुठेतरी असते. पण जिब म्हणजे वाऱ्यात उघडी धरलेली जाळी. दिलेली उष्णता बर्फाला पोचण्याआधी वारा घेऊन जातो. शिवाय शेकडो तुकड्यांवर तारा गुंडाळायच्या, त्या क्रेन उतरवताना-जोडताना सांभाळायच्या. आणि पोलादालगतचा पातळ थर वितळला की वरची आख्खी लादी एकदम सुटते, म्हणजे ज्याची भीती तेच घडते. म्हणून तापवायचे ते मोजकेच: अॅनिमोमीटर, लिमिट स्विच, कॅमेरा, पॅनेल, गिअरचे तेल, शिडीच्या हाताच्या जागा. गुळगुळीत लेप, ड्रोन यांचे प्रयोग पवनचक्क्यांवर झाले आहेत. चांगले आहे, पण बांधकामाच्या धुळीत आणि घर्षणात लेप किती टिकणार याबद्दल मी फार आशावादी नाही.

पोर्ट मान पुलावर त्यानंतर जी युक्ती केली ती मात्र आवडण्यासारखी आहे. केबलच्या वरच्या टोकाला साखळ्यांच्या कड्या ठेवल्या. हिम साचू लागला की त्या सोडायच्या. त्या केबलवरून घसरत खाली येतात आणि थर जाड होण्याआधीच झटकून टाकतात. तत्त्व क्रेनलाही लागू आहे. बर्फ पडत असताना मर्यादेतल्या वाऱ्यात भाराविना क्रेन अधूनमधून फिरवली, दोर चालता ठेवला, तर निदान हलणारे भाग गोठत नाहीत. थर पातळ असतानाच गळतो, लादी होत नाही.

बाकी जिबवर उरलेला बर्फ उतरवण्याचा सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे ऊन आणि वेळ. खालचा परिसर दोरी लावून रिकामा करायचा, त्या बाजूचा रस्ता पालिकेला सांगून बंद करायचा आणि वाट पाहायची. नेमकी हीच गोष्ट कोणालाच नको असते.

जमिनीवरचा बर्फ विसरू नका

लक्ष सगळे वर असते, पण घोटाळे खालीही होतात. रात्रभर उघड्यावर पडलेली सळ्यांची मोळी जमिनीला गोठून चिकटते. क्रेनने ओढली की आधी काहीच होत नाही, ताण वाढत जातो, मग ती एकदम सुटते आणि जिबला झटका बसतो. आधी पहारीने मोळी मोकळी करावी, मग हूक लावावा. उचलायच्या १० चौरस मीटरच्या स्लॅबवर फूटभर कोरडा हिम असेल तर ३०० किलो धरा, ओला असेल तर त्याच्या तिप्पट. पट्ट्याचे आणि दोराचे स्लिंग ओले होऊन गोठले असतील तर बाजूला ठेवावेत. अमेरिकी नियम धाग्याच्या दोरांचे स्लिंग उणे २९ अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने वापरू देतात, पण त्यातून ‘ओले गोठलेले’ स्लिंग स्पष्टपणे वगळतात. ट्रकवरच्या क्रेनचे पाय गोठलेल्या जमिनीवर सकाळी पक्के वाटतात; दुपारी ऊन लागून वरचा थर चिखल झाला की एक पाय खचतो.

आणि पोलाद स्वतः. थंडीत ते ठिसूळ होते, वाकण्याऐवजी तडकते. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘शेनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभे असताना मधोमध दुभंगले, तेव्हापासून हा विषय धातुशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. म्हणूनच क्रेनच्या मॅन्युअलमध्ये तापमानाची खालची मर्यादा दिलेली असते, अनेकदा उणे २० अंश. तिच्याखाली आकाश निरभ्र असले, बर्फाचा कण नसला तरी थांबायचे असते.

थांबण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेतील ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेने २०१० मध्ये क्रेनसाठी नवी नियमावली आणली. त्यातील दोन तरतुदी इथे महत्त्वाच्या. एक, वारा, बर्फ आणि हिम यांचा क्रेनच्या स्थैर्यावर व क्षमतेवर होणारा परिणाम लक्षात घेऊन जाणकार जबाबदार व्यक्तीने कामात बदल करायचा. दुसरी अधिक मोलाची. सुरक्षिततेबद्दल शंका आली तर काम थांबवण्याचा आणि भार उचलायला नकार देण्याचा अधिकार ऑपरेटरला असलाच पाहिजे, आणि पात्र व्यक्तीने खात्री करेपर्यंत तो नकार कायम राहतो. ऑपरेटरने आधी कोणाला पटवून द्यायचे नसते. पटवण्याचे ओझे ‘सुरू करा’ म्हणणाऱ्यावर असते.

आपल्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत वाट उलटी आहे. गंभीर धोका समोर दिसत असेल तर कामगाराने तो मालकाच्या नजरेस आणावा. मालकाला पटले तर त्याने तातडीने उपाय करावा, न पटले तर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावे. कारखान्यात हे कदाचित चालेल. ६० मीटर उंचीवर, गोठता पाऊस सुरू असताना निरीक्षकाची वाट कशी पाहणार?

हिमालयात काय चालले आहे?

झोजिला बोगदा १३ किलोमीटरहून लांब आहे आणि साडेअकरा हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. शिंकू ला बोगद्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले, उंची सुमारे १५,८०० फूट. झोजिलापलीकडच्या द्रासमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो. अशा कामांवर शहरातल्यासारख्या उंच टॉवर क्रेन क्वचितच दिसतात. तिथे राज्य असते ट्रकवरच्या क्रेनचे आणि आपल्या सर्वांच्या ओळखीच्या हायड्राचे, जी भार उचलून तशीच चालत जाते. हायड्राला मनोरा नाही, त्यामुळे लादी ६० मीटरवरून पडण्याचा धोका नाही. पण गोठलेला लिमिट स्विच, घट्ट झालेले हायड्रॉलिक तेल, ठिसूळ पोलाद, जमिनीला चिकटलेला भार आणि निसरड्या उतारावर झोकांड्या खाणारे ओझे हे सगळे तिथेही आहेच. हिमस्खलनाचा धोका वेगळाच. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ कामगार हिमाखाली सापडले आणि त्यातले आठ दगावले, हे आपण विसरलेलो नसू.

या कामांवर घाई समजण्यासारखी आहे. उघड्यावरच्या कामाला वर्षातले मोजके महिने मिळतात, लष्कराला रस्ता हवा असतो, स्थानिकांना तर त्याहून जास्त. एक दिवस गेला की तो पुढच्या वर्षीच भरून निघतो. ‘इथे बसून थांबा म्हणणे सोपे आहे’ हा कंत्राटदारांचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. म्हणूनच उपदेशापेक्षा कंत्राटाच्या कागदाबद्दल बोलायला हवे.

जगभरात मोठ्या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फिडिक’ कंत्राटाच्या १९९९च्या लाल पुस्तकात अपवादात्मक प्रतिकूल हवामानासाठी मुदतवाढ मिळते, पैसे मिळत नाहीत. आणि मुदतवाढही ‘अपवादात्मक’ हवामानाला. जानेवारीत झोजिलाला बर्फ पडणे यात अपवादात्मक काय? म्हणजे जो बर्फ दरवर्षी नक्की पडणार आहे, त्याच्यासाठी थांबलेला प्रत्येक दिवस कंत्राटदाराच्या खिशातून जातो. तो ते नुकसान खाली ढकलतो. क्रेन भाड्याची असेल तर भाडे कापले जाते. रिगर आणि हेल्पर रोजंदारीवर असतील तर हजेरी लागत नाही. झारखंड-बिहारातून आलेला माणूस तंबूत बसून राहिला तर त्या दिवशी त्याची कमाई शून्य. अशा साइटवर ऑपरेटरने ‘थांबा’ म्हटले तर त्याच्यावर पहिला राग साहेबाचा नसतो, सोबतच्याच माणसांचा असतो. अधिकार कागदावर देऊनही तो वापरला का जात नाही, याचे कारण इथे आहे.

म्हणून निविदेच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाण-दरपत्रकात, हिवाळ्यासाठी स्वतंत्र बाबी हव्यात. त्या जागेच्या गेल्या अनेक वर्षांच्या हवामान नोंदींवरून ठरवलेले ‘बर्फाचे दिवस’, त्या दिवसांसाठी यंत्राचे कमी पण निश्चित भाडे, आणि कामगारांची पूर्ण हजेरी. तापवलेला अॅनिमोमीटर, थंडीतले ग्रीस व तेल, सकाळची भाराविना चाचणी यांचे दर वेगळे लिहिलेले. म्हणजे कंत्राटदाराला ते टाळून बचत दाखवता येणार नाही. किती तापमानाखाली, किती वाऱ्यात आणि जिबवर किती जाडीचा बर्फ दिसला की हूक वर घ्यायचा, हे आकडे हिंदीत आणि ऑपरेटरला कळेल त्या भाषेत केबिनमध्ये चिकटवलेले. आणि त्या आकड्याला पोचल्यावर हूक वर घेणाऱ्या ऑपरेटरला त्या दिवशी कोणाचीही परवानगी लागणार नाही, असे कंत्राटात एका ओळीत लिहिलेले. यातल्या बहुतेक गोष्टींचा खर्च क्रेनच्या महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. हजेरीचा खर्च तेवढा किरकोळ नाही, आणि वाटाघाटीत सर्वांत आधी तोच खोडला जाईल, म्हणून त्यावरच अडून बसायला हवे.